एका छपराखालच्या दोन शाळा

जालन्याचा मस्तगड पाहावयास मुद्दाम येणारा प्रवासी आतां विरळा. १७२५ सालीं निजामुल्मुल्क आसफजाहाच्या हुकुमानें काबिलखानानें ही गढी बांधली, तिला चौकोनी तट व कोपऱ्यांस अर्धगोल बुरूज दिले. आणि शत्रु बाहेर राहावा व आपलीं माणसें आंत सुरक्षित राहावीं, एवढाच तिचा हेतु होता. तो शत्रुही गेला व ते निजामही गेले. आज त्या बाजूच्या गल्लीबोळांतून सकाळीं जी गर्दी निघते ती पाठीवर दप्तरें घेतलेल्या मुलांची व लाल फितींच्या दोन वेण्या घातलेल्या मुलींची असते. एकाच फाटकांतून ती शाळेंत शिरते, एकाच घंटेला उभी राहते आणि एकच प्रार्थना म्हणते. हा देखावा आमच्या इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्यांत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटतच नाहीं. मुलांमुलींनीं एकत्र शिकावें कीं नाहीं हा आमच्या पणज्यांच्या काळचा वाद आतां निकालांत निघाला, अशी आमच्या शहरांतील शहाण्या माणसांची समजूत आहे. आमचीही होती.

गेल्या पावसाळ्यांत शहरांतील एका शाळेनें आम्हांस मुलांपुढें कायद्याविषयीं चार शब्द बोलण्यास बोलाविलें. शाळेचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, कारण जें तेथें पाहिलें तें अन्यत्रही पाहावयास मिळेल. आमचा तास सुरू व्हावयास अवकाश होता, म्हणून आठवीच्या वर्गाच्या व्हरांड्यांत आम्ही उभे होतों. आंत संस्कृताचा तास चालला होता. शिकविणें उत्तम, विभक्ति चालवून घेण्याची हातोटी अशी कीं आम्हांस आमचे जुने गुरुजी आठवले. इतक्यांत एका मुलानें वही आणली नाहीं असें निघालें. शिक्षक रागावले नाहींत, हातही उगारला नाहीं, हंसत हंसत एवढेंच म्हणाले, "चल, मुलींच्या बाकावर जाऊन बैस." सगळा वर्ग खो खो हंसला. तो तेरा वर्षांचा मुलगा कानांपर्यंत लाल झाला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, पाहिजे तर दोन छड्या मारा, पण तिकडे नको."

छडी कायद्यानें बंद आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा जो कायदा २००९ सालीं झाला त्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ हे दोन्ही निषिद्ध ठरविले. त्या मुलास कलम ठाऊक नसावें. परंतु दोहोंपैकीं कोणती शिक्षा जास्त लागते हें त्याला बरोबर ठाऊक होतें. तो गेला व एका बाकाच्या टोंकाला अर्धा अधांतरीं बसला. त्या बाकावरील मुलीनें आपलें दप्तर उचलून दोघांच्या मध्यें ठेविलें आणि मान खालीं घालून ती पुस्तकांत पाहूं लागली. वर्ग हंसत होता तो त्या मुलाला. तिच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें.

आमचें लक्ष मात्र तिच्याकडेच राहिलें. एखाद्या ठिकाणीं पाठविणें हीच शिक्षा होत असेल, तर त्या ठिकाणाला आमच्या कायद्याच्या भाषेंत एकच नांव आहे, व तें तुरुंग होय. मग त्या ठिकाणीं जी रोज बसते, पांचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षें बसते, तिचा अपराध कोणता? तिनें तर वही आणली होती.

मागाहून शिक्षकांच्या खोलींत चहा घेतांना आम्हीं हा विषय काढला. ते गृहस्थ सज्जन आहेत, त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें व म्हणाले, "अहो, ही तर पूर्वीपासूनची पद्धत आहे. आम्हांलाही आमच्या सरांनीं असेंच बसविलें होतें. मारण्यापेक्षां बरें नाहीं का?" यांत कपट नव्हतें. परंपरा म्हणतात ती हीच. तिच्यांत कोणाचा दोष नसतो, म्हणूनच ती टिकते.

तेव्हांपासून आम्ही जेथें जेथें बोलावणें आलें तेथें तेथें डोळे उघडे ठेवून गेलों, आणि मुलांमुलींच्या एकत्र शाळेंत दिवस कसा जातो हें पाहूं लागलों. प्रथम हजेरी. शाळेच्या जनरल रजिस्टरांत नांवें प्रवेशाच्या क्रमानें लिहिलेलीं असतात. जो आधीं आला त्याचें नांव आधीं. तेथें मुलगा कीं मुलगी हा प्रश्न क्रमाच्या आड येत नाहीं. पुढें शाळा सोडल्याचा दाखला निघतो, जन्मतारखेचा पुरावा म्हणून कोर्टांत येतो, तो याच रजिस्टरावरून. परंतु वर्गाचा हजेरीपट उघडला कीं पाहावें, पहिल्यानें सगळे मुलगे, मग एक रेघ किंवा दोन ओळी कोऱ्या, आणि मग सगळ्या मुली. 'अ'पासून नांव सुरू होणारी मुलगी 'ह'पासून सुरू होणाऱ्या मुलाच्या मागें. व्याकरणांत पुल्लिंग आधीं व स्त्रीलिंग नंतर येतें, म्हणून हजेरीपटही व्याकरणाप्रमाणें चालत असावा, असें एका विनोदी शिक्षकांनीं आम्हांस सांगितलें. मग नपुंसकलिंगाची जागा कोणाला, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "पर्यवेक्षकांना."

हजेरीपटाची ती रेघ पुढें सगळीकडे जाते. परिपाठाला मुलांच्या रांगा एका बाजूस, मुलींच्या दुसऱ्या बाजूस. वर्गाचे प्रतिनिधी दोन, एक मुलांचा व एक मुलींची, आणि "वर्गाचा प्रतिनिधी कोण?" असें विचारलें तर उभा राहतो तो मुलगा. कोठें जिने वेगळे, कोठें मधल्या सुट्टींत बसण्याच्या जागा वेगळ्या. वर्ग झाडणें, फळा पुसणें, पाहुण्यांपुढें तबक धरणें व रांगोळी काढणें मुलींकडे. बाक हलविणें, पताका बांधणें, मंडपाचे खांब रोवणें मुलांकडे. दसऱ्याच्या आधीं पाटीपूजन होतें तेव्हां पाटीवर सरस्वती काढण्याचें काम मुलींचें व नारळ फोडण्याचें मुलांचें. नवरात्रांत भोंडला होतो त्या दिवशीं मुलगे भिंतीवरून डोकावतात व हांकलले जातात, मग पुन्हां डोकावतात. तो एक दिवस असा असतो कीं, आंत जें चाललें आहे तें आपल्याला मिळालें नाहीं याचें त्यांना वाईट वाटतें.

१७ सप्टेंबरचें झेंडावंदन मराठवाड्याच्या प्रत्येक शाळेचा खरा सण. १९४८ सालीं त्या दिवशीं हैदराबादचें संस्थान मोडलें, आणि आमच्या मुलखाला देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनीं स्वातंत्र्य मिळालें. त्या दिवशीं पोरें भल्या पहांटे उठतात व इस्त्रीचे कपडे घालून येतात. लेझमीचें पथक मुलींचें असो वा मुलांचें, ताल एक असतो. खरें सांगावयाचें तर वर्षाच्या सगळ्या समारंभांत एवढा एकच आम्हांला असा दिसला कीं, त्यांत ती रेघ थोडी पुसट होते; कारण प्रभातफेरींत घोषणा देतांना कोणाचा आवाज कोणाचा हें कळत नाहीं.

पण सर्वांत बोलकी चाल राखीपौर्णिमेची. त्या दिवशीं, किंवा आदल्या दिवशीं, वर्गांतील मुली वर्गांतील सगळ्या मुलांना राख्या बांधतात. कार्यक्रम गोड दिसतो. फोटो निघतो, तो आमच्या पत्राकडेही येतो, व आम्हीं तो अनेकदां छापला आहे. परंतु विचार करून पाहावें. घरीं भाऊ असतो त्याला राखी बांधणें हा धर्म. शाळेंत चाळीस मुलांना ओळीनें राख्या बांधविणें हा बंदोबस्त. एकमेकांशीं तुमचें नातें काय, या प्रश्नाला आमच्या शाळेला दोनच उत्तरें सुचलीं आहेत. एक तर बहीणभाऊ, नाहींतर लफडें. शेजारच्या बाकावर बसून जी माझ्याबरोबर गणित शिकते, जिचा गणितांत पहिला नंबर येतो व जिला विचारल्यावांचून माझें उदाहरण सुटत नाहीं, ती माझी सहाध्यायी. सहाध्यायी हा शब्द संस्कृतांत आहे. संस्कृताच्या तासाला तो कदाचित् शिकवितातही. शाळेच्या दिवसांत मात्र तो कोठें आढळत नाहीं.

हें असें कां झालें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल.

मुलींना शिकवावें हीच गोष्ट जेव्हां पाप समजली जात होती तेव्हां, १८४८ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. पुढें १८८४ सालीं त्याच पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, तेंच हुजूरपागा. त्या हायस्कुलावर जें वादळ उठलें त्यांत टिळकांचें 'मराठा' पत्र आघाडीवर होतें. मुलींना अकरा ते पांच शाळेंत अडकवून ठेविलें तर त्यांनीं घरचें काम केव्हां करावें व केव्हां शिकावें, असा मुद्दा होता. राजकारणांत आम्ही लोकमान्यांस गुरु मानतों, व आमच्यासारख्या पत्रकारांनीं त्यांच्यापासून काय घेतलें याचा हिशेब करणें शक्य नाहीं. परंतु या एका खटल्यांत ते चुकीच्या बाजूनें उभे राहिले, हें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. गुरूची चूक सांगणें हीही गुरुसेवाच होय. त्यांचे जुने मित्र गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला व त्यांत स्पष्ट मागणी केली कीं, स्त्रिया व पुरुष यांना शिक्षण एकच मिळावें आणि तें एकत्र मिळावें. मागणीचे भाग दोन आहेत, हें लक्षांत ठेवावें. एकच, हा पहिला. एकत्र, हा दुसरा.

पहिला भाग मिळावयास पाऊणशें वर्षें लागलीं. मुलींचा अभ्यासक्रम निराळा असावा कीं काय, हा प्रश्न स्वतंत्र भारतांतही शिल्लक होताच. १९६२ सालीं हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालीं त्यावर समिती नेमावी लागली, आणि लिंगभेदावरून अभ्यासक्रम वेगळे करूं नयेत असें त्या समितीनें सांगितलें. आज शालांत परीक्षेची प्रश्नपत्रिका मुलाला एक व मुलीला एक अशी नसते. उलट निकाल लागला कीं मुलींनीं बाजी मारली, हा मथळा आमच्या पत्रासह सगळ्या पत्रांत दर वर्षीं ठरलेला.

दुसरा भाग मात्र आम्हांला मिळाला तो मागून नव्हे, तर गरिबीनें. ज्या इंग्लंडाकडे बोट दाखवून आमचे जुने सुधारक बोलत, तेथेंही असेंच घडलें. तेथील जुन्या ग्रामर शाळा, म्हणजे लॅटिन व्याकरण घोकवून घेणाऱ्या शाळा, मुख्यतः मुलांच्या. १९०२ चा शिक्षणाचा कायदा झाल्यावर तेथील जिल्हा मंडळांनीं नव्या ग्रामर शाळा काढल्या, त्यांपैकीं पुष्कळ मिश्र निघाल्या. लहान गांवांत दोन इमारती बांधणें व दोन हेडमास्तर पोसणें परवडत नव्हतें, हें त्याचें एक मोठें कारण. आणि इमारत एक झाली तरी तेथील कित्येक जुन्या शाळांच्या दोन दरवाज्यांवर 'मुलगे' व 'मुली' अशीं अक्षरें दगडांत कोरलेलीं आजही दिसतात. आमच्याकडे दगड महाग; आम्हीं तीं हजेरीपटांत कोरलीं.

मराठवाड्याची कथा तर याहून बिकट. निजामाच्या राज्यांत १८८४ पासून दरबारची भाषा उर्दू. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचेंही माध्यम उर्दू. आपल्या मायबोलींत शिकावयाचें तर लोकांनीं वर्गणी काढून शाळा काढाव्या व सरकारच्या संशयाला तोंड द्यावें, असा तो काळ. १९०७ सालीं हैदराबादेस विवेकवर्धिनी व गुलबर्ग्यास नूतन विद्यालय, १९१५ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, सरस्वती भुवन, १९१७ सालीं आंबेजोगाईस योगेश्वरी, अशा एकेक पणत्या लागल्या. योगेश्वरींत स्वामी रामानंद तीर्थांसारखा पुरुष शिकवीत होता, एवढें सांगितलें म्हणजे त्या शाळांतून केवळ गुमास्ते निघाले नाहींत हें कळेल. ज्यांना एक शाळा चालविण्यास पैसे मिळत नव्हते ते दोन कोठून चालविणार? मोठ्या शहरांत मुलींकरितां निराळी शाळा निघाली. लहान गांवांत मुली मुलांच्याच शाळेंत आल्या. कोणी तत्त्व म्हणून त्यांना आणलें नाहीं. दुसरी जागा नव्हती म्हणून त्या आल्या. संस्थान गेलें, मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, १९८१ सालीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला, गांवोगांव हायस्कुलें झालीं, आणि हीच सोय रूढ झाली. अडचणींतून जन्मलेल्या सोयीला आम्ही सुधारणा म्हणूं लागलों. छप्पर एक झालें, आणि त्याखालीं शाळा दोनच राहिल्या.

कोणी म्हणेल, राहिना! हजेरीपटाच्या दोन याद्यांनीं कोणाचें काय बिघडलें? बाकावर बसविण्याच्या थट्टेनें कोण मेलें? पेढींवर बसणारे आमचे वाचक हिशेबी आहेत. नुकसान आंकड्यांत दाखवा असें म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. म्हणून त्यांच्यापैकींच एकाची गोष्ट सांगतों.

मोंढ्यांतील एक आडते, आमचे जुने पक्षकार, उन्हाळ्यांत आमच्याकडे आले. एका वसुलीच्या दाव्याचें बोलणें संपल्यावर ते उठले नाहींत. थोड्या वेळानें म्हणाले, "वकीलसाहेब, आणखी एक विचारायचं होतं. पोरीला स्थळ आलंय. पोरगी नववी झाली, पहिली आली. पंधरा पुरीं झालीं. पुढल्या सालीं सोळाव्यांत लावलं तर चालतंय का?"

चालत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा त्यांना समजावून दिला. मुलीचें अठरा व मुलाचें एकवीस. लग्न लावणारा भटजी, ठरविणारा मध्यस्थ आणि न अडविणारा बाप या सगळ्यांना दोन वर्षेंपर्यंत सक्तमजुरी व लाखापर्यंत दंड. ते गप्प बसले. मग आम्हीं विचारलें, "पण पहिल्या आलेल्या मुलीला घरीं कां बसवितां?"

"साहेब, शाळेंत मोठीं मोठीं पोरं आहेत."

"तींच पोरें पांचवीपासून तिच्या वर्गांत आहेत ना?"

"तवा ल्हान होतीं हो." मग थांबून ते म्हणाले, "पोरगी घरीं सांगती. मधल्या सुट्टींत पोराशीं बोललं तर वहींत नांव लिहितात, आईबापाला बोलावतात. तिनं एकदां गणिताचं विचारलं एका पोराला, तर तिचं नांव लिहिलं. आतां शाळेलाच त्या पोरांचा भरंवसा नाहीं, मग मी कसा धरूं?"

आमच्या वकिलीच्या उभ्या आयुष्यांत प्रतिपक्षाचा इतका बिनतोड युक्तिवाद आम्हीं क्वचित् ऐकला असेल. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्या अशिक्षित म्हणविणाऱ्या बापानें शाळेच्या वर्तनाचा जो अर्थ लावला तो अगदीं सरळ आहे. जी शाळा मुलाजवळ बसणें ही शिक्षा मानते व मुलाशीं बोलणें हा गुन्हा मानते, ती शाळा रोज बापाला हेंच सांगत असते कीं, तुझी मुलगी येथें धोक्यांत आहे. बाप तिच्यावर विश्वास ठेवतो व मुलीला काढून घेतो. मग आम्ही बापाला अडाणी म्हणतों.

आतां कायद्याची एक गोष्ट, जी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या ध्यानांत आलेली नसते. शिक्षणाचा हक्क कायद्यानें दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना, म्हणजे स्थूलमानानें आठवीपर्यंत. लग्नाची मनाई आहे ती अठरापर्यंत. चौदा ते अठरा हीं चार वर्षें अशीं आहेत कीं, त्यांत मुलीनें लग्न करूं नये असें कायदा सांगतो, पण तिनें शाळेंत असावें असें सांगत नाहीं. नववी, दहावी, अकरावी, बारावी. जेव्हां तिच्या बाजूनें कोणीतरी उभें राहावें, नेमकें तेव्हां कायदा एक हात काढून घेतो, आणि उरते ती केवळ शाळेची ओढ. फी माफ आहे. गांवखेड्यांतील मुलींना एस. टी. चा पास फुकट आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत. सरकारनें दारापर्यंत आणून सोडण्याची व्यवस्था केली. दाराच्या आंत काय, हें मात्र परंपरेवर सोडलें.

आणि त्या चार वर्षांत काय होतें, तें आंकडे सांगतात. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २२ च्या आसपास स्त्रियांचें लग्न अठराच्या आंत झालें होतें. परभणी, बीड व आमचा जालना हे जिल्हे त्या सरासरीच्या बरेच वर. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, निजामाच्या राज्यांत तो चालत नव्हता, म्हणून आम्ही मागें पडलों असें आमचे कांहीं मित्र म्हणतात. संस्थान जाऊन पाऊण शतक उलटलें. ती सबब आतां मुदतबाह्य झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट निराळी. तेथें आईबाप सहा महिने परमुलखांत, मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी हा प्रश्न खराच कठीण, व त्यावर स्वतंत्रपणें लिहिलें पाहिजे. परंतु पेढी, दुकान व पक्कें घर असलेला मनुष्य जेव्हां पहिल्या नंबरच्या मुलीला नववींतून काढतो, तेव्हां तें दारिद्र्य नव्हे.

यावर एक आक्षेप आम्हांस अगोदरच ऐकूं येत आहे. वयांत आलेल्या मुलांमुलींना मोकळे सोडावें असें तुमचें म्हणणें काय? रस्त्यावर काय चालतें हें तुम्हांस ठाऊक नाहीं काय? ठाऊक आहे, शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकासमोर फटफट्या घेऊन जे उभे असतात त्यांचे खटले आमच्याकडेही येतात. परंतु त्यांतले बहुतेक शाळा सोडलेले टोळभैरव असतात, वर्गांतले सहाध्यायी नव्हेत. ज्या मुलानें सहा वर्षें एका मुलीबरोबर प्रयोगशाळेंत नळी धरली आहे व जिच्याकडून उदाहरण समजून घेतलें आहे, तो फाटकाबाहेर तिची वाट अडवील हा संभव कमी. जिला त्यानें सहा वर्षें केवळ शिक्षेची जागा म्हणून पाहिलें, तिच्याविषयीं त्याला आदर कोठून येणार? वेगळेपणा जेथें हवा तेथें तो अवश्य हवा. मुलींकरितां स्वतंत्र, स्वच्छ, कडी लागणारें व पाणी असणारें शौचगृह शाळेंत असलेंच पाहिजे. आणि आश्चर्य असें कीं, जेथें रांगा वेगळ्या, जिने वेगळे, बाक वेगळे, अशा एका शाळेंत याच एका गोष्टीच्या दाराला कडी नव्हती.

केवळ मुलींच्या शाळांस आमचा विरोध नाहीं. ज्या घरांतून मुलगी दुसऱ्या कोणत्याही शाळेंत आलीच नसती, त्या घरांना या शाळांनीं शिक्षणाची वाट दाखविली, आणि कित्येक कर्तबगार स्त्रिया तेथून निघाल्या. आमचें भांडण आहे तें एकत्र म्हणविणाऱ्या व एकत्र नसणाऱ्या शाळेशीं.

तेव्हां करावें काय? पैसे लागणारें आम्ही कांहींच मागत नाहीं, हें शाळांच्या विश्वस्तांनीं, म्हणजे आमच्या वाचकांपैकींच पुष्कळांनीं, ऐकून ठेवावें. मुलींच्या बाकावर बसविण्याची शिक्षा हेडमास्तरांच्या एका सूचनेनें उद्यां बंद होऊं शकते. हजेरीपट आद्याक्षरांच्या क्रमानें लिहावा. मुलामुलींची वेगळी संख्या वरिष्ठांना कळवावी लागते, ही अडचण आम्हांस सांगण्यांत आली; नांवापुढें एका खुणेनें ती भागते. झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमानें लावावी, म्हणजे केरसुणी मुलांच्याही हातीं येईल व घरीं गेल्यावर त्यांच्या आयांना त्याचा उपयोग होईल. बोललें म्हणून नांव लिहिण्याची वही फाडून टाकावी, आणि तिच्या जागीं ज्या मुलीला किंवा मुलाला खरोखर त्रास होतो त्यानें सांगावें कोठें, याची व्यवस्था करावी. राज्य सरकारनें मार्च २०२२ मध्यें प्रत्येक शाळेंत 'सखी सावित्री' समिति नेमण्याचा हुकूम काढला आहे. बालविवाह रोखणें हेंही त्या समितीचें काम आहे. आपण ज्या शाळेला पंखे दिले, पाण्याची टाकी दिली व तिच्यावर वडिलांचें नांव घातलें, त्या शाळेंत ही समिति आहे काय, तिची सभा केव्हां झाली, एवढें विश्वस्तांनीं पुढच्या बैठकींत विचारावें.

त्या आडत्यांना आम्ही परत बोलावून घेतलें, व बरोबर मुलीलाही आणावयास सांगितलें. ती आली. शाळेविषयीं तुझें काय म्हणणें आहे, असें विचारलें तेव्हां बापाकडे एकदां पाहून ती म्हणाली, "शाळा चांगली आहे, काका. गणिताचे सर लई चांगले शिकवतात." मग म्हणाली, "फक्त आम्हांला शेवटच्या दोन रांगा असतात. मागून फळा दिसत नाहीं." चष्मा लागला असेल, असें बाप म्हणाला. डोळे तपासून झाले. डोळे ठीक आहेत. दहावीचें नांव तिनें घातलें आहे, स्थळाला तूर्त थांबा म्हणून कळविलें आहे. 'तूर्त' हा शब्द बापाचा.

हजेरीपट बदलून पाहण्यास ज्या हेडमास्तरांची तयारी असेल त्यांनीं आम्हांस कळवावें. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या वर्गांत काय फरक पडला, फरक पडला नसेल तर कां पडला नाहीं, हें त्यांनीं लिहावें. आमच्या विरुद्ध लिहावयाचें असेल तर तेंही लिहावें. पत्र कितीही लांब असो, आम्ही तें छापूं.